मलम लावलं की जातं, सोडलं की येतं

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आजींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं. नातू नऊ महिन्यांचा. सून बँकेत नोकरीला. सकाळी साडेनऊला निघते, संध्याकाळी सातला परतते. दिवसभर बाळ आजींकडे. सुनेचा आग्रह डायपरचा, आजींचा भरवसा लंगोटांवर. त्यामुळे सून बाहेर पडली की डायपर निघतो आणि तिची यायची वेळ झाली की परत चढतो. दीड महिन्यापूर्वी बाळाला ताप-खोकला झाला, पाच दिवस अँटिबायोटिक चाललं, शी पातळ झाली आणि पाठोपाठ जांघा लालबुंद झाल्या. आजींनी अँटिसेप्टिकच्या पाण्याने धुतलं, पावडर लावली, ‘आंब्याची उष्णता’ म्हणून सुनेचा आमरस बंद केला. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. ‘दोन दिवसांत जादूसारखं गेलं. ट्यूब सोडली की चौथ्या दिवशी परत. आता तर घडीच्या आत लालभडक आणि बाजूला बारीक पुटकुळ्या. शू झाली की लेकरू कळवळून राहिलं.’ ट्यूबचं सुनेला सांगितलेलं नाही. आजींचे प्रश्न दोन: डायपर बंद करायला सुनेला कसं पटवू? आणि ट्यूबचं सांगू की नको?

ताई,

डायपरचा वाद थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी चष्मा लावा आणि ती ट्यूब किंवा तिचं खोकं हातात घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधांची नावं असतात. त्यात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसतं का ते बघा. माझा अंदाज आहे की दिसेल, आणि त्याच्या शेजारी बुरशीचं एक आणि जंतूंचं एक अशी आणखी दोन नावंही असतील. आपल्याकडे काउंटरवर ‘खाज, लाली, नायटा, काहीही असो, हे लावा’ म्हणून जे मलम हातात पडतं ते बहुधा असंच तीन-चार औषधांचं मिश्रण असतं.

यातलं पहिलं नाव स्टिरॉइडचं. स्टिरॉइड त्वचेची सूज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत जादू दिसते. पण लाली ज्या कारणाने आली ते कारण तिथेच असतं. कारण बुरशीचं असेल तर स्टिरॉइडच्या आडोशाने ती आणखी पसरते. मलम थांबलं की दाबून ठेवलेलं सगळं वर येतं, आपल्याला वाटतं मलम चांगलंच होतं, आणि आपण परत लावतो. तुमच्या पत्रातलं ‘चौथ्या दिवशी परत’ हे वाक्य मी दोनदा वाचलं ते याचसाठी.

बाळाच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. त्याची कातडी पातळ असते, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो आणि वरून डायपरचं झाकण असलं की मलम आत जास्त शोषलं जातं. तीव्र स्टिरॉइड असं आठवड्यामागून आठवडे लागलं तर कातडी विरविरीत होते, आणि फार दिवस चाललं तर शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती तरीही काउंटरवरून मिळतात, तो भाग वेगळा. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. अधूनमधून लावलेल्या एका ट्यूबने तुमच्या नातवाचं कायमचं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही. पण आजपासून ती लावायची नाही आणि फेकायचीही नाही. डॉक्टरांना दाखवायची. किती दिवस आणि दिवसातून किती वेळा लावली तेही सांगायचं. (स्टिरॉइड लहान बाळाला कधीच देत नाहीत असं नाही. अगदी सौम्य प्रकारचं, थोडे दिवस, डॉक्टर स्वतः बघून देतात. दुकानदाराने अंदाजाने द्यायची ती वस्तू नव्हे.)

आता त्या लालीकडे बघू. डायपर रॅश म्हटलं की मी आधी घड्या उघडून बघते. शू-शीच्या ओलाव्याने आणि घासण्याने जी साधी लाली येते ती उंचवट्यांवर येते. कुल्ले, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोटाचा खालचा भाग, म्हणजे कापड किंवा डायपर जिथे टेकतो तिथे. घडीच्या आतली कातडी बऱ्याचदा स्वच्छ राहते, कारण तिथे घासणारं काही पोचत नाही. बुरशीचं उलट असतं. कँडिडा नावाच्या या बुरशीला ऊब, ओल आणि अंधार आवडतो, म्हणून ती घडीतच घर करते. रंग गडद, मांसासारखा लाल, कडा ठळक, आणि मुख्य चट्ट्यापासून थोड्या अंतरावर सुट्या सुट्या लाल पुटकुळ्या. तुम्ही जवळजवळ हेच शब्द लिहिले आहेत. त्यात आधी अँटिबायोटिक झालेलं. अँटिबायोटिक खोकल्याच्या जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मारतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. साधी लाली तीन दिवसांच्या वर रेंगाळली की तिच्यावरही ही बुरशी येऊन बसू शकते. पत्रावरून मी निदान करत नाही, पण डॉक्टरांकडे जाताना हा संशय बरोबर घेऊन जा. बाळाच्या तोंडात, गालाच्या आतून, पुसून न जाणारे पांढरे चट्टे आहेत का तेही बघून ठेवा. आणि सून अंगावर पाजत असेल तर तिच्या स्तनाग्रांना आग होते का, हे तिला विचारा. बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि मग दोघांनाही औषध लागतं.

औषध तसं साधं असतं. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलसारखं नुसतं बुरशीचं मलम, स्टिरॉइड नसलेलं, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, आणि लाली गेल्यावरही सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत. आपण नेमकं शेवटचं विसरतो. बुरशीचं मलम आधी, पातळ. ते मुरलं की त्यावर झिंक ऑक्साइडचं जाड मलम. झिंकचं काम औषधाचं कमी आणि छपराचं जास्त. शू-शी कातडीला भिडू नये म्हणून ते असतं, तेव्हा चोळून जिरवायचं नाही. भाकरीवर लोणी थापतो तसं थापायचं. पुढच्या वेळी शी पुसताना वरचा मळलेला थर तेवढा काढा, खालचा पांढरा राहू द्या. तो खरवडून काढायच्या नादात बरी होत आलेली कातडी सोलली जाते. काढायचाच असेल तर कापसाला खोबरेल तेल लावून हलक्या हाताने.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘डायपरमुळे झालं’ हे तुम्ही गृहीत धरलं आहे, आणि ‘लंगोटाने होतं’ हे कदाचित सुनेने धरलं असेल. मला दोन्ही पटत नाही. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि तेच तिचं संरक्षण. ओल फार वेळ राहिली की कातडी फुगून मऊ पडते आणि थोड्या घासण्यानेही सोलते. त्यात शू आणि शी एकत्र आल्या की शीमधले जंतू शूतल्या युरियाचा अमोनिया करतात, कातडीची आम्लता जाते, आणि अशा वातावरणात शीमधले पाचकरस जास्त जोर करतात. ते पाचकरस कातडी अक्षरशः पचवू बघतात. शी पातळ असली तर त्यात पाचकरस जास्त, म्हणून जुलाबात एका दिवसात बूड लाल होतं. या सगळ्याला ओल लंगोटाची आहे की डायपरची याच्याशी देणंघेणं नाही. किती वेळ टेकली, एवढंच त्याला कळतं.

डायपरमधलं जेल शू आत ओढून घेतं, त्यामुळे कातडी कोरडी राहायला मदतच होते. पण शी ते ओढू शकत नाही, आणि बाहेरून डायपर कोरडा दिसतो म्हणून आपण बेफिकीर होतो. लंगोट ओला झाला की लगेच दिसतो, पण तोच ओला लंगोट अर्धा तास अंगाला राहिला तर डायपरपेक्षा वाईट. त्यावर प्लास्टिकची चड्डी घातली असेल तर विचारूच नका. ‘आमच्या वेळी असं नव्हतंच’ असं तुम्ही लिहिलं आहे. होतं हो. तेव्हाही पोरांची बुडं लाल व्हायची, खोबरेल तेल लागायचं आणि आठवड्यात विसरलं जायचं. शिवाय तुमच्या वेळी घरात लंगोट बदलायला चार हात असतील. आज दिवसभर तुम्ही एकट्या आहात. नऊ महिन्यांचं रांगतं पोर, वर स्वयंपाक. तुमच्याच्याने दर शूला लंगोट बदलणं होत नसेल तर त्यात कमीपणा नाही, आणि सुनेने डायपर मागितला तर तो तिचा आळसही नाही.

तेव्हा पटवण्याऐवजी वाटणी करा. दिवसा बाळ जागं आणि तुमच्या नजरेसमोर असताना लंगोट किंवा चक्क काहीच नाही. खाली मेणकापड, त्यावर जुनं सुती दुपटं, आणि बाळ उघडं, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. (नातू आहे, तेव्हा कारंज्याची तयारी ठेवा.) दुपारची झोप, बाहेर जाणं आणि रात्र डायपरची, निजताना झिंकचा जाड थर लावून. डायपर दोन-तीन तासांनी बदलायचा, मग तो भरलेला वाटो न वाटो. शी झाली की त्याच क्षणी. रात्री शूसाठी मुद्दाम उठवायला नको, शी झाली तर मात्र बदलायलाच हवा. कमरेला इलॅस्टिकचे वळ उठत असतील तर एक माप मोठा घ्या. जुलाब असतील त्या दिवसांत डायपर दुप्पट लागले तरी हात आखडता घेऊ नका.

धुण्याबद्दल तुम्ही जे करता त्यातलं एक लगेच थांबवा: अँटिसेप्टिकचं पाणी. सोललेल्या कातडीवर ते झोंबतं आणि तिला आणखी कोरडी करतं. बाळ शू झाल्यावर कळवळतं, त्यात याचाही वाटा असू शकतो. साधं पाणी पुरतं. शी चिकट असेल तर बिनवासाचा सौम्य साबण, तोही दिवसातून एखाद्या वेळी. बेसनाने चोळणं आता नको. मग पुसायचं म्हणजे टिपायचं, आणि घडी उघडून वारा लागू द्यायचा. सुगंधी वाइप्स प्रवासापुरते ठेवा, आणि रॅश असताना तेही नकोत.

आणि एक अगदी आपल्या गावचं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं ते चहाला आधण ठेवल्यासारखं कढत. पारा 45 च्या आसपास असताना बाळाला थेट नळाखाली धरू नका, घाईत तर मुळीच नाही. सकाळीच एक बादली भरून न्हाणीत झाकून ठेवा आणि दिवसभर तेच पाणी वापरा. कूलरचंही लक्षात घ्या. कूलरच्या खोलीत हवा दमट असते. तिथे दोरीवर टाकलेला लंगोट हाताला वाळल्यासारखा लागतो पण आत ओलसर असतो. लंगोट बाहेर उन्हात वाळवा. नवतप्याच्या उन्हात अर्ध्या तासात कडकडीत होतात, फुकटात. पावसाळा लागला की मात्र तुमचा लंगोटांचा हिशेब कोलमडेल. मग इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा किंवा त्या महिन्यांत डायपर वाढवा. धुताना कपड्यांचं सुगंधी कंडिशनर नको, आणि एक पाणी जास्त काढा. बोअरच्या जड पाण्यात साबण लवकर निघत नाही, आणि लंगोटात राहिलेला साबण शूने ओला झाला की कातडीला लागतो.

पावडरचा डबा कपाटात ठेवून द्या. घडीत ओल लागली की पावडरचे गोळे होतात आणि तेच घासतात. शिवाय टाल्कची भुकटी उडून बाळाच्या श्वासात गेली तर फुप्फुसांना त्रास होतो. बोरिकची पावडर तर कोणी कितीही सांगो, सोललेल्या कातडीवर लावायची नाही. ती अंगात शोषली जाते आणि विषारी ठरू शकते. पाठीवर, मानेवर किंवा कमरेच्या वर बारीक दाणे असतील तर त्या घामोळ्या. त्यांना गार पाणी आणि सैल सुती झबलं पुरतं, वर सांगितलेलं कुठलंही मलम तिथे लावू नका.

आमरसाचं मला खरंच वाईट वाटलं. आईने आंबा खाल्ल्याने बाळाच्या जांघेत उष्णता उतरत नाही. सुनेची दिवसभर नोकरी, रात्री बाळाला पाजणं, आणि आंब्याच्या दिवसांत तिच्या वाटीत रस नाही? आज वाढा. बाळाच्या स्वतःच्या खाण्याची गोष्ट वेगळी. या वयात नवीन काही सुरू केलं की शी बदलते, आणि आंबट फळांनी काही बाळांचं बूड लाल होतं. म्हणून नवीन पदार्थ एका वेळी एक, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. संत्र्याचा, मोसंबीचा किंवा कुठल्याही फळाचा गाळलेला रस वर्षाच्या आत नकोच. मऊ केलेलं फळ द्या. पातळ शी ‘दातामुळे’ म्हणून सोडूनही देऊ नका. या वयात जमिनीवरचं सगळं तोंडात जातं, जुलाब त्यातून होतात. जुलाब लागले तर ओआरएस, अंगावरचं दूध सुरू, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकचं औषध. हे पोटात घ्यायचं झिंक वेगळं, मलमातलं वेगळं.

दुसरा प्रश्न: सुनेला सांगू का? हो, आजच. सून डॉक्टरांकडे जाईल तेव्हा ते विचारतील, ‘काय काय लावलं?’ ती प्रामाणिकपणे सांगेल, ‘काही नाही.’ आणि त्या उत्तरावर औषध ठरेल. लपवण्यातला खरा धोका हा. सांगताना लांबण लावू नका. बाळ निजल्यावर ट्यूब तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मी ही आणली होती, लाली दबायची पण परत यायची, उद्या दवाखान्यात दाखवू.’ ती चिडेल कदाचित. चिडू द्या. तिच्या जागी तुम्हीही चिडला असता. त्या भरात ‘तुझे डायपरच…’ असं सुरू करू नका, म्हणजे झालं. डायपर काढून परत चढवण्याचंही त्याच वेळी सांगून टाका. वर लिहिलेली वाटणी ठरवायला ते लागेलच.

तुमच्या पत्रात एक माणूस कुठेच दिसला नाही: तुमचा मुलगा. सासू-सुनेत डायपरवरून ताण आहे आणि बाळाचा बाप काय करतो ते मला कळलं नाही. रात्रीचे डायपर त्याच्याकडे द्या. सकाळी निघण्याआधी बादली भरणं, संध्याकाळी लंगोट दोरीवरून काढून घड्या घालणं, हेही त्याला जमेल. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात लालीचा एक फोटो त्याने काढावा. लाली वाढते की उतरते हे आठवणीवर सोडलं की घरात वादच होतात. फोटो डॉक्टरांनाही कामाला येतात. हे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकायचे नाहीत. तिथे आणखी चार ट्यूबांची नावं येतील.

ज्यांच्या घरी अजून फक्त साधी लाली आहे त्यांनी वरचं धुणं, उघडं ठेवणं आणि झिंक एवढंच दोन-तीन दिवस करून बघावं. बहुतेकांचं तेवढ्यात उतरतं. न उतरलं तर दाखवा. बाळ महिन्याच्या आतलं असेल, ताप असेल, पू भरलेले फोड, रक्त किंवा पाझरणारी जखम असेल, गुदद्वाराभोवती लालभडक कडं असून शी करताना बाळ किंचाळत असेल, किंवा लाली तोंडाभोवती आणि हातापायांवरही असून जुलाब थांबत नसतील, तर वाट न बघता जा.

तुमच्या नातवाची लाली तर दीड महिन्याची झाली आहे, तेव्हा घरगुती प्रयोगांची पाळी संपली. तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ असतील तर उद्याच. नसतील तर मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) तुम्हाला मानेवाड्याहून जवळ पडेल. तिथे बालरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत, ओपीडीचा कागद सकाळी लवकर काढा. बरोबर ट्यूब, अँटिबायोटिकची जुनी चिठ्ठी आणि दोन जादा डायपर घ्या. जायच्या आधी दोन तास कुठलंही मलम लावू नका. जाड पांढऱ्या थराखाली काय आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.